लारेडोतले ‘बाहेरचे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, मेक्सिकोच्या सीमेवर वसलेल्या लारेडोवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी बाहेरून येऊन टेक्ससच्या सीमाभागाची मूळ संस्कृती पुसून टाकली, तिथली मजुरी घसरली आणि मी हे सारे ‘सहलीला गेलेल्या बाईच्या भाबडेपणाने’ लिहिले, असे आपले म्हणणे. मतभेदाचे मला वावडे नाही. पण आपण ज्या स्वरात लिहिलेत, त्या स्वरात आमच्या घरी दारावर आलेल्या फेरीवाल्याशीही कोणी बोलत नसे.

गावाच्या स्थापनेचे वर्ष मी १७५७ दिले होते, ते १७५५ हवे. ही चूक आपण दाखवलीत, मी ती सुधारली आहे आणि त्याबद्दल आभार मानते. मात्र ते वर्ष लक्षात घेतले असते, तर ‘बाहेरून’ हा शब्द आपण लिहिलाच नसता. स्पॅनिश वसाहतकार तोमास सांचेस यांनी रिओ ग्रांदे नदीकाठी हे गाव वसवले, तेव्हा अमेरिका हे राष्ट्र अस्तित्वातच नव्हते. (त्याआधी त्या भूमीवर आदिवासी जमाती होत्या, हे खरे, पण आपला रोख त्यांच्याकडे नव्हता.) अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने रिओ ग्रांदे ही दोन देशांमधली सीमा ठरली आणि ज्यांना मेक्सिकोतच राहायचे होते, ती कुटुंबे पैलतीरी गेली; तिथे न्यूवो लारेडो उभे राहिले. उरलेले लोक आपल्याच घरात राहून अमेरिकन झाले.

आणि पुसली गेली ती संस्कृती कोणती? याच गावात १८९८ पासून दर फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिन साजरा होतो आणि नदीवरच्या सीमापुलाच्या मध्यावर दोन्ही देशांची मुले एकमेकांना मिठी मारतात.

राहिली ‘सहल’. मी त्या गावात अकरा वर्षे संसार केला आहे. पहिल्या डिसेंबरात शेजारच्या आजींनी मला तमालेस (कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेला, मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) करायला बसवले. कणसाच्या भिजवलेल्या सालीवर मी पातोळ्यांच्या सवयीने बोटांनी पीठ थापू लागले, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरून चमच्याच्या पाठीने ते कसे पसरायचे हे दाखवले. त्यांची सातवी पिढी त्या गावात नांदते आहे आणि नातू सीमेवरच्या पोलिसांत नोकरीला आहे. त्यांना आपण बाहेरचे म्हणता, याचाच मला संताप आला.

मजुरी हा माझ्या लेखाचा विषय नव्हता. त्यावर आपण स्वतंत्र लेख लिहावा. फक्त तो लिहिण्याआधी, आपण लारेडोत कधी पाऊल ठेवले आहे का, एवढे कळवावे. एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत ते मला कुठेच सापडले नाही.