कॉफी प्यायला व्हिएन्ना कशाला? 'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

'डिसेंबरात दोघं व्हिएन्नात' या माझ्या लेखावर 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया चार वाक्यांची आहे. ती आधी जशीच्या तशी देतो: "दिवसाला एक संग्रहालय आणि उरलेला वेळ कॉफी पीत बसायचं, याला नियोजन नाही, रिकामटेकडेपणा म्हणतात. कॉफीच प्यायची तर आमची वैशाली काय वाईट? तेवढ्या दिवसांत प्राग आणि बुडापेस्टही उरकतं. आणि सोमवारी मोठं संग्रहालय बंद असतं, एवढंही लेखकाला माहीत नसावं."

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस, म्हणजे तुम्ही म्हणता ते मोठं कलासंग्रहालय, हिवाळ्यात सोमवारी बंद असतं आणि लेओपोल्ड मंगळवारी. बेल्व्हेदेर आणि अल्बर्टिना रोज उघडी असतात. ही ओळ वेळापत्रकात राहिली होती, आता घातली आहे. नाताळाच्या आसपास हे वार बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या तारखेची वेळ बघून घ्यावी. चूक माझी. पण लिहायचं राहणं आणि माहीत नसणं यांत फरक असतो, आणि सलग नऊ हिवाळे ज्या शहरात काढले तिथला सोमवार मला कुणी शिकवू नये, एवढं म्हणायचा हक्क मला आहे असं वाटतं.

आता 'रिकामटेकडेपणा'. मतभेद असू द्या, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून तोंडाला येईल तो शब्द वापरायचा, ही कुठली स्पष्टोक्ती? असो. शब्द सोडतो, हिशोब मांडतो.

हिवाळ्यात संग्रहालयात शिरणं म्हणजे नुसतं तिकीट दाखवणं नव्हे. जाड कोट, ओली छत्री, पाठपिशवी हे सगळं आधी जमा करायचं. चश्मा असेल तर दारातच काचांवर धुकं धरतं, ते निवळेपर्यंत थांबायचं. निघताना पुन्हा कोटांची रांग, मफलर, हातमोजे. एका ठिकाणी या खटाटोपात अर्धा तास सहज जातो. तीन संग्रहालयं एका दिवसात बसवलीत तर दीड तास कोट काढण्या-घालण्यात गेला. शिवाय डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं अंधारात आणि बोचऱ्या वाऱ्यात.

म्हणून माझा क्रम असा: दहाला कुन्स्टहिस्टोरिशेसचं दार उघडताना आत, वाटेत कुठेही न रेंगाळता थेट पहिल्या मजल्यावर दहाव्या दालनात. सोळाव्या शतकातला चित्रकार थोरला ब्रॉयगल, त्याची एक डझन चित्रं या संग्रहालयात आहेत, इतकी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यातलं 1565 सालचं 'बर्फातले शिकारी' घ्या. पाच मिनिटांत दिसतं ते एवढंच: शिकारी, कुत्री, खाली गोठलेली तळी. आणखी थांबलात तर दिसतं की इतक्या माणसांची मिळून शिकार एक कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळते आहे, तिच्याखाली जाळ करून डुक्कर भाजणं चाललंय. आणि पार लांब एका घराच्या धुराड्याला आग लागली आहे, माणसं शिडी घेऊन धावताहेत. ही आग नखाएवढी आहे. घाईत असणाऱ्याला ती दिसत नाही, हा टोमणा समजलात तरी चालेल.

अशा दोन-अडीच तासांनंतर डोळे चित्रावर असतात आणि डोकं दुखऱ्या पायांत. त्यातून दोघांचा वेग क्वचितच जुळतो. एक जण पाट्या वाचतो, दुसऱ्याला एकाच चित्रासमोर बसायचं असतं. एकमेकांना ओढत फिरण्यापेक्षा घुमटाखालच्या कॅफेजवळ भेटायची वेळ ठरवून वेगळं व्हावं. खायला मात्र बाहेर पडा. दहा-पंधरा मिनिटं चाललं की 1880 सालचं कॅफे श्पेर्ल आहे, आत बिलियर्डची टेबलं आहेत. कॅफे सेंट्रलबाहेर थंडीत रांग लावायची हौस असेल तर ती तुमची.

इथे मेलान्ज मागवली की फेसाळ दुधाची कॉफी येते, आइनश्पेनर म्हटलं की काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर मलईचा ढीग. तबकात पाण्याचा छोटा पेला असतोच. त्या एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, तुम्ही मागितल्याशिवाय बिलही येत नाही. बिल देताना टिप धरून पूर्ण आकडा तोंडाने सांगायचा, टेबलावर चिल्लर ठेवून निघायचं नाही. पुण्याच्या वैशालीला मी नावं ठेवणार नाही, तेवढं धाडस नाही. पण दारात नंबर लावलेली माणसं तुमच्या ताटलीकडे बघत असताना एका कॉफीवर तिथे दोन तास बसून दाखवा, मग 'काय वाईट' यावर बोलू.

कॉफीचा खरा उपयोग त्यानंतर. सकाळी बघितलेलं दोघं टेबलावर बोलतात, एकाने बघितलेली आग दुसऱ्याला दिसलेली नसते. म्हणूनच मी गुरुवार सुचवला होता: त्या दिवशी कुन्स्टहिस्टोरिशेस रात्री नऊपर्यंत उघडं असतं. दुपार कॅफेत काढून सहाला, गर्दी ओसरल्यावर, आत शिरता येतं. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, कोण जाणे.

प्राग-बुडापेस्ट 'उरकण्या'बद्दल माझं काही म्हणणं नाही. रेल्वेने प्राग चार तास, बुडापेस्ट पावणेतीन, खुशाल जा. फक्त प्रागला गेलातच तर लोबकोविच राजवाड्यात शिकाऱ्यांच्याच मालिकेतलं गवतकापणीचं चित्र आहे. त्याच्यासमोर बसायला बाक आहे का, तेवढं कळवा.