विंग कमांडर (निवृत्त), पीएच.डी. (चालू)

निवृत्त वैमानिकाला पुण्यात तीनच कामं मिळतात: सोसायटीचं सेक्रेटरीपद, वृत्तवाहिनीवरची चर्चा आणि पीएच.डी. पहिल्या कामात शत्रू खरोखरचे असतात, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याचं पुढे सांगतो. तिसरं मात्र कराच. माझं हे तिसरं वर्ष आहे आणि हातात अजून प्रबंध नाही, म्हणजे सल्ला द्यायला मी पूर्ण पात्र आहे.

तुमच्या पात्रतेची काळजी नको. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात कधीतरी मिळालेली मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. काळ्या ट्रंकेच्या तळाशी सापडेल. 55 टक्के लागतात. ते असतीलच, कारण तिथे नापास होणं पास होण्यापेक्षा अवघड होतं.

विषय निवडताना एकच पथ्य पाळा. ज्यातलं आपल्याला कळतं, तो विषय घ्यायचा नाही. मी नेमका तोच घेतला: 'हवाई दलाच्या विमानप्राप्तीतील विलंब: एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ 1983 ते 2016'. 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट असल्याशिवाय आपल्याकडे कुठलाही प्रबंध धावपट्टी सोडत नाही. शेपटीविना काही उडत नाही हे मलाही ठाऊक होतं, त्यामुळे वाद घातला नाही.

गाइड तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. ते तुम्हाला 'सर' म्हणतील, कारण तुम्ही वयाने मोठे. तुम्ही त्यांना 'सर' म्हणाल, कारण सही त्यांची. पहिले सहा महिने आम्ही दोघं विभागाच्या दारात 'आधी तुम्ही, सर' करत उभे असायचो आणि शिपाई मधून चहा घेऊन जायचा.

आता खरी अडचण सांगतो. ती म्हणजे डीब्रीफ. सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, संपली की डीब्रीफ, म्हणजे त्या उड्डाणाची चिरफाड, होतो आणि त्या खोलीत हुद्दा दाराबाहेर राहतो. मिसरूड फुटलेला फ्लाइंग ऑफिसर कमांडिंग ऑफिसरला तोंडावर सांगतो, "सर, वळण तुम्ही उशिरा घेतलंत." आणि सर म्हणतात, "हो, घेतलं." नाही म्हणून करणार काय? फिल्म असते. शिवाय जमीन असते आणि तिला कुणाचाच हुद्दा वाचता येत नाही. मिग-21 धावपट्टीकडे येतं तेच ताशी 300 किलोमीटरच्या वर. एकदा मी ते त्याहूनही घाईत आणलं. टायर फुटला, विमान भेलकांडत धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबलं. डीब्रीफमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "वेग मी जास्त ठेवला." चार शब्द. पुढची चाळीस मिनिटं सगळ्या स्क्वाड्रनने त्या चार शब्दांचं पोस्टमॉर्टेम केलं. मग सगळे मिळून जेवायला गेलो.

ही सवय तेवढी विद्यापीठाच्या गेटवर जमा करा. मी केली नाही. पहिल्याच प्रकरणात लिहिलं, 'हवाई दलाने आपल्या मागण्या मध्येच बदलल्या, त्यामुळे वेळ गेला.' गाइडसरांनी लाल पेन काढलं. आता तिथे आहे: 'आवश्यकतांमध्ये कालानुरूप बदल झाल्याचे दिसून येते.' बदल कुणी केले? झाले. कुणाला दिसून येते? येते. मी म्हटलं, "सर, मी स्वतः त्या बैठकीला होतो." ते म्हणाले, "मग तर नकोच, सर. वस्तुनिष्ठता जाते."

या 'दिसून येते'वर हात बसला की प्रबंध अर्धा झाला म्हणून समजा. वर राजकारण फुकटात कळायला लागतं, कारण दोघांचं व्याकरण एकच. 'चौकशी करण्यात येईल.' 'भावना दुखावल्या गेल्या असल्यास.' 'योग्य ती कारवाई केली जाईल.' कर्ता केव्हाच इजेक्ट झालेला असतो, वाक्य एकटंच उडत राहतं. आमच्या मिगने 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं टाकली आणि गव्हर्नरसाहेबांनी तिथल्या तिथे कागद मागवून राजीनामा लिहिला. या उपखंडात इतक्या तातडीने दिलेला दुसरा राजीनामा मला संदर्भासाठी अजून मिळालेला नाही.

विलंब या विषयाचा मात्र एक फायदा असतो: अभ्यास करणारा कितीही रेंगाळला तरी विषयापेक्षा वेगवानच दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. हलक्या लढाऊ विमानाचं, आपल्या तेजसचं, रजिस्ट्रेशन, म्हणजे मंजुरी, 1983 ची. पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 ला. पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै 2016 मध्ये. तेहतीस वर्षं! आयोगाच्या नियमात बसवायचं तर तेजसला पाच वेळा नव्याने प्रवेश घ्यावा लागला असता, आणि दर वेळी कोर्सवर्क. पुढे 2021 च्या फेब्रुवारीत 83 सुधारित तेजसचा करार झाला. त्यांची वाट अजून पाहिली जात आहे. (कोण पाहतंय ते विचारू नका, लाल पेन जवळच आहे.)

प्रश्नावल्यांचं गणितही मी संरक्षण मंत्रालयाकडूनच शिकलो. 2007 मध्ये 126 मध्यम लढाऊ विमानांसाठी निविदा निघाली. पाच वर्षांनी राफेलची निवड झाली, आणखी तीन वर्षांनी ती खरेदीच बारगळली आणि शेवटी करार झाला 36 चा. तेव्हा 36 भरलेल्या प्रश्नावल्या हव्या असतील तर 126 वाटा. निवृत्त एअर मार्शल लोक 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंतच्या पाच चौकटींपैकी एकीतही खूण करत नाहीत. समासात लिहितात, "फोन कर. येताना भडंग आण."

आणि मे 2025 मध्ये घात झाला. खुद्द हवाई दलप्रमुख एका जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की ठरल्या वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. माझ्या तीनशे पानांचा निष्कर्ष, एका वाक्यात! मी तो संदर्भ म्हणून अभिमानाने घातला. संशोधन सल्लागार समितीने, म्हणजे आरएसीने, विचारलं, "हे कुठल्या जर्नलमध्ये आलंय?"

आता राजकारण. नोकरीत असताना तुम्हाला मत नव्हतं. होतं ते मतपेटीत टाकायचं, बोलायचं नाही. एअर फोर्स अ‍ॅक्टच्या 21 व्या कलमाने तुमच्या बोलण्यावर बंधनं घालता येतात आणि ती घातलेली असतात. त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीस वर्षांची तुंबलेली मतं एकदम बाहेर येतात, तीही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, 'सुप्रभात'च्या फुलांखाली. येऊ द्या. फक्त आकडे देऊ नका. गेल्या 26 सप्टेंबरला, 2025 ला, चंडीगडला मिग-21 चा निरोप झाला. 1963 पासूनचं विमान, त्याने मलाही रांगायला शिकवलेलं. डोळे पुसत मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की मंजूर स्क्वाड्रन 42 आहेत आणि आजपासून 29 उरल्या. बी विंगच्या जोशीकाकांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही सरकारविरोधी का?" मी म्हटलं, नाही हो, तेजसच्या त्या तेहतीस वर्षांत दहा पंतप्रधान झाले, इंदिरा गांधींपासून मोदींपर्यंत, सगळ्यांचा थोडाथोडा हात आहे. त्यावर सी विंगचे देशपांडे उखडले, "म्हणजे तुम्ही त्यांचे! समान वाटप करून मूळ पाप झाकताय." एका पोस्टमध्ये दोन्ही बाजूंनी लॉक झालेला मी बहुधा पहिलाच वैमानिक. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, फुलं पाठवा, फुलं."

ढगांबद्दल तर बोलूच नका. मे 2019 मध्ये पंतप्रधानांनी एका मुलाखतीत सांगितलं की बालाकोटच्या वेळी ढग असल्यामुळे रडारपासून बचाव होईल असं त्यांनी सुचवलं होतं. तुम्ही उमेदीची वर्षं रडारच्या नजरेखाली काढलीत. ढग असले तरी दिसावं म्हणून तर रडार वापरतात, हे तुम्हाला पाठ आहे. ते जिभेवर आलं की गिळा. त्याच हंगामात विरोधकांतले काही जण पुरावे द्या म्हणत होते आणि लक्ष्यावर बॉम्ब टाकून आलेल्या पोरांनी जणू सोबत पावतीही आणायची होती. तेही गिळा. दोन्ही गिळल्यावर जे पोटात दुखतं त्याला 'विश्लेषक' म्हणतात आणि त्याला वाहिन्या बोलावतात.

वाहिनीवर जायचंच असेल तर कोट घाला, मेडल लावा आणि जमिनीशी संबंध तोडा. 8 मे 2025 च्या रात्री काही वाहिन्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं होतं, इस्लामाबादही जवळजवळ घेतलं होतं. स्टुडिओतून निघून स्टुडिओतच सुखरूप उतरलेली अशी मोहीम मी कारकिर्दीत पाहिली नाही. दोन दिवसांनी सरकारला लेखी कळवावं लागलं की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, खरे वाजतील तेव्हा लोक उठणार नाहीत. त्या रात्रींचा डीब्रीफ झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वक्ते तेच आहेत, कोटही तेच.

थेट राजकारणात उतरायचं असेल तर वाट मळलेली आहे. स्क्वाड्रन लीडर राजेश पायलट 1980 मध्ये भरतपूरहून निवडून आले, ते आडनावासकट. पुण्याचे खासदार राहिलेले सुरेश कलमाडीही हवाई दलातलेच. पण तेव्हाचं उड्डाण सोपं होतं. जून 2022 मध्ये मुंबई-सुरत-गुवाहाटी-गोवा-मुंबई अशी जी फॉर्मेशन झाली, तिचा नकाशा मी पेन्सिलीने आखून पाहिला. देशाची पश्चिम-पूर्व रुंदी दोनदा पार, वाटेत झाडी-डोंगरांची रेकी, लीडर हवेतच बदललेला आणि एकाचंही इंधन संपलं नाही. आम्हाला हे करायला टँकर विमान लागतं.

2023 च्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला विचारणा झाली होती की ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार. मुलं चिडली आणि ते रास्त होतं. मला मात्र दिव्यांचा अनुभव आहे: डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा, शेपटीला पांढरा. उजव्याला हिरवा हे मी आता चारचौघांत सांगत नाही.

त्या मुलांबद्दल एक सल्ला आहे, तो जरा हळू आवाजात. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार एवढेच विद्यार्थी घेता येतात. तुम्ही पेन्शन खिशात घालून त्यातली एक खुर्ची घ्याल. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी रोज पहाटेच्या एसटीने येते, फेलोशिपचा हप्ता सात महिने आलेला नाही आणि तिच्या आधीचा डॉक्टर तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावतोय. तिने एकदा विचारलं, "काका, तुम्हाला ही पदवी कशाला हवी?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. घड्याळाकडे बघून 'आरएसी आहे' म्हणायचं. मी तसंच केलं. आरएसी परवा होती.

साहित्यचोरीच्या तपासणीला घाबरू नका. 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं. माझ्या पहिल्या मसुद्यात मशीनने सगळ्यात जास्त वेळा पकडलेली चोरी होती 'भारतीय हवाई दल'. हेच मशीन निवडणुकीच्या जाहीरनाम्यांवरून फिरवलं तर किती पक्षांची नोंदणी उरेल, याचा एक छोटा उपविषय सुचवून पाहिला. गाइडसर हसले आणि दार लावून घेतलं.

गेल्या आठवड्यात ऋणनिर्देश लिहून दिला. तेवढं एक पान तरी आपल्या पद्धतीने लिहावं म्हणून शेवटी लिहिलं, 'या प्रबंधातील चुका माझ्या आहेत.' गाइडसरांनी वाचलं, बराच वेळ थांबले. मला वाटलं, गहिवरले. मग पेनाचं टोपण काढलं.

"सर, एवढं एक वाक्य बदलूया. 'काही त्रुटी राहून गेल्या असल्याचे दिसून येते.'"

मी 'येस सर' म्हणालो. तेही 'थँक यू, सर' म्हणाले.