मानेतली गाठ, ‘चौथी स्टेज’ आणि एक फॉरवर्ड

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. ‘मानेत गाठ आली म्हणजे घशाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला गेला, हातात सहा महिने. व्हायरसमुळे झाला असेल तर घरच्यांनाही लागतो, भांडी वेगळी ठेवा. सुई टोचू देऊ नका, पसरतो.’ मी पॅथॉलॉजिस्ट. अशा गाठींच्या स्लाइड्स बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ती चौथी स्टेज. ही अगदीच हवेतली गोष्ट नाही, जुनी आहे. टॉन्सिलमध्ये छोटासा कॅन्सर आणि मानेत त्याच बाजूला तीन सेंटिमीटरहून मोठी एक गाठ, एवढ्यावर पूर्वी कागदावर ‘चार-अ’ पडायचं. पण एचपीव्ही या विषाणूमुळे कॅन्सर झालेले पेशंट त्या आकड्याला जुमानेनात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्हीवाल्यांपैकी ८२ टक्के हयात होते, बाकीच्यांपैकी ५७ टक्के. शेवटी एजेसीसी, म्हणजे कॅन्सरच्या स्टेज ठरवणारी अमेरिकन समिती, तिच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी तक्ताच वेगळा केला, तो २०१८ पासून लागू झाला. त्यात वरचाच पेशंट पहिल्या स्टेजमध्ये बसतो, गाठ सहा सेंटिमीटरपर्यंत असली तरी. गाठी दोन्ही बाजूंना असतील तर दुसरी, सहाच्या वर गेली तर तिसरी. चौथी फक्त फुप्फुसं, हाडं अशा लांबच्या ठिकाणी पसरल्यावर. स्टेजचा आकडा उतरला म्हणून उपचार कमी होतात असं मात्र नाही. रेडिएशन, केमो हलकं करून पाहण्याचे प्रयोग झाले, त्यातले काही अंगाशी आले.

हा तक्ता सगळ्या घशाला लागू नाही, हेही सांगायला हवं. तो टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि त्या आसपासच्या भागापुरता आहे. स्वरयंत्राचा किंवा गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर त्यात येत नाही, आणि आपल्याकडे मिश्री-गुटख्याचे पेशंट ढिगाने. म्हणून रिपोर्टवर ‘पी-१६’ शोधा. कॅन्सर एचपीव्हीचा आहे का, हे सुचवणारं ते प्रथिन. मी स्लाइडवर तपकिरी रंग बघते. कॅन्सरच्या ७० टक्के किंवा जास्त पेशी केंद्रकासकट ठळक तपकिरी झाल्या असतील, तर पॉझिटिव्ह. याशिवाय स्टेज सांगणं म्हणजे अंधारात दगड.

भांड्यांचं ऐकून तर संताप आला. शेजारच्या काकांचं ताट आणि फुलपात्र सुनेने खरोखर वेगळं काढलं होतं. एचपीव्ही मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, त्यात मुखमैथुनही आलं. आमटीच्या वाटीतून नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि राहिला तर कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं लागतात. तेव्हा ‘कुणाकडून आला’ म्हणून घरात भांडण उकरण्यातही अर्थ नाही.

सुईने पसरत नाही. मानेतल्या गाठीची पहिली तपासणीच ती.

मेसेजमध्ये एचपीव्हीच्या लशीचं नावही नाही. इथे आपल्या पुण्यातच सीरमने ‘सर्व्हाव्हॅक’ बनवली, २०२३ मध्ये बाजारात आणली. ती ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आहे तशी मुलांसाठीही आहे. झालेला कॅन्सर तिने बरा होत नाही, पण नातवंडं आहेतच की.

हे सगळं काकांना समजावलं, तर ते दुसऱ्या टोकाला. ‘व्हायरसचाच आहे ना? मग सिगारेटचा काय संबंध?’ संबंध आहे. त्याच २०१०च्या अभ्यासात एचपीव्हीवाल्यांतही कमी धोक्याचे पेशंट तीन वर्षांनी ९३ टक्के हयात होते. दहा वर्षं रोज एक पाकीट, या हिशेबाहून जास्त ओढलेले आणि मानेत बऱ्याच गाठी असलेले, ते ७१ टक्क्यांच्या गटात. काकांनी हिशेब केला, पंचवीस वर्षं. पाकीट माझ्या टेबलावर ठेवून गेले. लायटर खिशातच होता.