आत्याचं 'उष्ण जल'

परवा सकाळी आत्याला फोन केला तर म्हणाली, "थांब रे, उष्ण जल उतरवते." मला वाटलं चेष्टा करतेय. मग कळलं, ही व्हॉट्सॲपवरच्या त्या संदेशाची कृपा! आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेलाय. म्हणे इंग्रजांनी 'वॉर्म' हा शब्द संस्कृत 'घर्म' म्हणजे उष्णता, त्यावरून चोरला, 'हॉट' हा 'हुत'वरून. कंपनीच्या काळातला इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स, त्याने म्हणे संस्कृतला सगळ्या भाषांची जननी म्हटलंय. आणि 'गरम' हे आक्रमकांनी 'घर्म'चं केलेलं विकृत रूप, सबब ते तोंडात आणू नये.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यापायी सत्तरीची बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात अडखळत बोलतेय. 'गरम' आपल्याकडे फारसीतून आला, हे खरं. पण फारसीत तो कुणी 'घर्म' मोडून बनवलेला नाही. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु राजाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी 520 च्या सुमाराचा. त्यात एका महिन्याचं नावच 'गर्मपद' आहे. इस्लामचा उदय त्यानंतर अकराशे वर्षांनी. मग विकृत केला कुणी, दारयवहुने? आणि 'घर्म' आपल्याकडून गेलाय कुठे? प्राकृतात 'घम्म' झाला, मराठीत 'घाम'. हिंदीत 'घाम' म्हणजे ऊन. आपण ऊन सोडलं आणि अंगावरची धार तेवढी ठेवली. 'गरम' आणि 'घाम' ही चुलत भावंडं आहेत. एकाला घरात घ्यायचं नि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हा कुठला न्याय?

'हुत' आणि 'हॉट'बद्दल काय बोलावं! 'हुत' म्हणजे आहुती म्हणून टाकलेलं. त्या धातूत ऊब कुठेच नाही, ती अग्नीत असते. शिवाय संस्कृतातला असा 'ह' इंग्रजीकडे 'ग' होऊन भेटतो: आपला हंस, त्यांचा 'गूज'. इंग्रजी 'ह'समोर आपल्याकडे 'श' किंवा 'क' येतो: 'हंड्रेड' आणि शत. जुन्या इंग्रजीत 'हॉट'चा उच्चार 'हाट' होता. नुसत्या कानाला जुळलं की झालं, तर आठवडी बाजारही तिथूनच आला म्हणायचा.

'वॉर्म'चं मात्र अर्धं मान्य करावं लागतं. तो आणि 'घर्म' एकाच मुळाचे, असं बरेच अभ्यासक मानतात. सुरुवातीच्या 'व'मुळे काहींना ते पटत नाही. 'थर्मामीटर'मधला ग्रीक 'थेर्मोस' तर नक्कीच घामाचा नातेवाईक. पण नातेवाईक म्हणजे चोर नव्हे.

राहिला जोन्स. 2 फेब्रुवारी 1786 ला कलकत्त्यात त्याने संस्कृतची रचना ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा संपन्न म्हटली, तेवढं संदेशात आहे. त्याच ओघात तो पुढे म्हणतो की या तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. ते नेमकं गाळलंय. म्हणजे जोन्सच्या लेखी संस्कृत ही बहीण. आई संदेशवाल्यांनी केली.

आत्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. म्हणाली, "ते असू दे, तुझ्या नादात पाणी गार झालं."