माझं चेन कव्हर कोणाला विचारून बदललंत?

आज सकाळी साडेसातला पडवीत मोटारसायकल डबल स्टँडवर घेतली. काम काय, तर चेन पुसायची, ऑईल सोडायचं, ढिली असेल तर ओढून घ्यायची. वीस मिनिटांत आटपणारं काम. दुपारी एक वाजता मी छिन्नी-हातोडी घेऊन चेन कव्हरचा मागचा स्क्रू तोडत बसलो होतो. डोकं फिरलंय नुसतं.

आम्ही दापोली तालुक्यातले, घर समुद्राला लागून. आठवड्यातून तीन दिवस दाभोळ-धोपावे फेरीबोटीने पलीकडे गुहागरच्या बाजूला कामाला जातो. बोटीवर गाडीला खारं पाणी उडतं, खाली उतरलं की जांभ्याचा लाल चिखल. इकडे चेन आठवड्याला बघावीच लागते. आणि ह्या गाडीचं कव्हर पूर्ण बंद! बघायला एक रबरी बूच दिलंय, त्यातून जेमतेम एक बोट आत जातं. चेन किती ढिली आहे ते कळतं, पण पुसणार कशी? त्यासाठी चार स्क्रू काढायचे. चारही साधे, प्लसच्या खाचेचे, नरम लोखंडाचे. खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात ते जागच्या जागी रुतून बसतात.

त्यात ही खाच जपानी मापाची. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्क्रू ड्रायव्हर फिलिप्सचा असतो. तो तळापर्यंत नीट बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि खाच खाऊन टाकतो. मग लोक म्हणतात, तुम्हाला स्क्रू खोलता येत नाही.

हे सगळं भोगून झाल्यावर गेल्या वर्षी मे महिन्यात मी उपाय केला होता. कव्हर काढून फेकलं नाही. मागे आई बसते, तिचा पदर चेनमध्ये गेला तर? कव्हर हवंच. मी फक्त खालच्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) जरा पुढे, चार बोटं लांब खिडकी कापली. कडा कानशीने घासल्या, रंग मारला, वर पत्र्याचं झाकण, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि स्प्रिंग वॉशर घालून विंग नट. हाताने सुटतो, पाना लागत नाही. इंजिन बंद ठेवून हाताने चाक फिरवायचं, चेन पुसायची, ऑईल सोडायचं, झाकण लावायचं. दहा मिनिटं! चार स्क्रूंच्या जागी स्टेनलेसचे, सहा कोनी खाचेचे अ‍ॅलन बोल्ट बसवले, प्रत्येकाच्या आट्यांना ग्रीस लावून. इंजिनच्या कव्हरलाही तेच केलं. ते अ‍ॅल्युमिनियमचं, तिथे तर ग्रीस विसरून चालतच नाही, कारण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते, आणि बोल्ट काढताना आटेच बाहेर येतात. हे सगळं मी शिकून, विचारून, मोजून केलं होतं. अख्खा पावसाळा एक बोल्ट अडकला नाही.

आणि यंदा जूनच्या तोंडावर गाडी सर्व्हिसिंगला दिली, तर त्यांनी माझं कव्हर भंगारात टाकून नवीन बसवलं! न विचारता. वर बिलात लावलं. माझे बोल्टही गायब, पुन्हा तेच प्लसचे स्क्रू, आणि ग्रीसचा थेंब नाही. विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "दादा, कव्हर कापलेलं होतं. कंपनीने विचार करूनच बनवलंय ना? असं मॉडिफाय केलं तर आरटीओ पकडेल."

कसला आरटीओ? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आर.सी.तल्या नोंदींशी विसंगत होणाऱ्या बदलांबद्दल आहे. माझ्या आर.सी.त चेन कव्हरच्या झाकणाची नोंद कुठे आहे, दाखवा की! कर्कश सायलेन्सर लावून रात्री गावातून जाणाऱ्यांच्या गाड्या ह्यांच्याच दारात धुतल्या जातात, त्यांना कोणी काही बोलत नाही. मी चेन पुसायला खिडकी केली तर मी गुन्हेगार.

आणि कंपनीने कसला विचार केला? ज्याने हे कव्हर आखलं त्याने जुलैत एकदा धोपाव्याच्या जेटीवर गाडी उभी करावी, आणि घरी जाऊन स्वतःच्या हाताने हे चार स्क्रू खोलून दाखवावेत. ज्या भागाला दर आठवड्याला हात लावायचा, तो हाताने उघडता यायला नको? इकडच्या माणसाने गाडी घेतली ती काय काचेत ठेवायला?

शेवटी स्क्रू तुटलाच. आता ड्रिल मारून उरलेला तुकडा काढायचा, नवे आटे पाडायचे. नव्या कव्हरवर मार्करने चौकट आखून झाली आहे, संध्याकाळी कापतोय. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीशेजारी स्टूल टाकून बसणार आहे मी. माझ्या कव्हरला कोणी हात तर लावून बघा.