जाळी चकाचक करणारा तो मेसेज आधी डिलीट करा

१ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, हिला धड श्वास घेता येत नाहीये, खोकला थांबतच नाही. दवाखान्यात नेतोय." आदल्या रात्री त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर कोळशाची शेगडी पेटली होती, पापलेटं आणि पनीर भाजून झालं होतं. सकाळी माझी भावजय ती मेणचट जाळी घेऊन बाथरूममध्ये बसली. मोबाइल बादलीला टेकवून समोर ठेवलेला, आणि त्यावर आमच्याच माहेरच्या ग्रुपवर आलेला मेसेज उघडलेला.

तुम्हालाही तो आला असेल. वर ठळक अक्षरांत "बार्बेक्यूची जाळी ५ मिनिटांत नव्यासारखी, हॉटेलवाल्यांचं गुपित". खाली पाच उपाय. संडास साफ करायचं लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून त्यात जाळी बुडवा. तारेच्या ब्रशने ती पांढरी होईपर्यंत घासा, कारण काळा थर म्हणजे कॅन्सर. सोडा आणि व्हिनेगर समप्रमाणात घालून फेसाळू द्या. राख भांड्यांना आणि तुळशीला वापरा. आणि शेवटी, उरलेले निखारे शेगडीत तसेच ठेवून ती रात्रभर घरात किंवा बाल्कनीत ठेवा, म्हणजे ओल जाते आणि डासही पळतात. "जनहितार्थ" म्हणून पुढे पाठवायची विनंतीही आहे. आमच्या ग्रुपवर तो एका वडीलधाऱ्यांनी अगदी चांगल्या मनाने टाकला होता, आणि माझ्यासकट कुणीही त्याला हरकत घेतली नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या उपायापासून सुरुवात करते, कारण इथे चुकलं तर जाळी नाही, माणूस जातो.

संडासाच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचिंग पावडर, म्हणजे सोसायटीची पाण्याची टाकी धुतात तेव्हा वापरतात ती, किंवा पांढऱ्या कपड्यांचं बाटलीतलं ब्लीच, यांत हायपोक्लोराइट असतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. अपघाताने, कधीकधी, प्रमाण चुकलं तर, असं काही नाही. दर वेळी सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. आणि आपण जाळी घासायला कुठे बसतो? बाथरूममध्ये, पाटावर, तोंड टबाच्या वर वाकवून. भावजयीने तर "घरभर वास नको" म्हणून दारही लावून घेतलं होतं. ती सांगते, आधी सूं आवाज करत बुडबुडे आले, मग टबावर फिक्या हिरवट-पिवळट रंगाचा धूर दिसला. तिला वाटलं, मळ निघतोय. तिसऱ्या श्वासाला घसा आवळला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दाराची कडी हाताला सापडेना.

ती आता बरी आहे. दवाखान्यात ऑक्सिजन आणि नेब्युलायझर दिला, एक रात्र ठेवून घेतलं. एवढं बरं वाटत असताना का ठेवता, असं भावाने विचारलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की क्लोरीनमुळे फुप्फुसांना येणारी सूज काही तासांनी वाढू शकते. हे मलाही माहीत नव्हतं. म्हणून कुणाकडून असं झालंच तर ताबडतोब मोकळ्या हवेत या, टब रिकामा करायला परत आत जाऊ नका, डोळ्यांवर भरपूर साधं पाणी मारा आणि खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या काकू दूध घेऊन धावत आल्या होत्या. वायू फुप्फुसात गेलाय, पोटात नाही. दुधाने काही होत नाही, उशीर मात्र होतो.

"आम्ही ॲसिड नाही वापरत, नुसतं व्हिनेगर आणि ब्लीच घालतो" असं मला दोघींनी सांगितलं. व्हिनेगर हेही ॲसिडच. वायू कमी सुटेल, पण सुटेल तोच.

आणि एवढं करून जाळी तरी निघते का? संडासाचं लिक्विड बनवलंय ते पाण्याच्या क्षारांचे पिवळे डाग काढायला. जाळीवर क्षार नसतात. तिथे असते जळून घट्ट झालेली चरबी, मसाला आणि काजळी, आणि चरबीला ॲसिड काही करत नाही. धातूला मात्र करतं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती जाळी टबाशेजारी पडलेली होती. काळा थर जसाच्या तसा, आणि सांध्यांवर नारिंगी गंज, बोट लावलं की बोटाला येणारा. हे हॉटेलवाल्यांचं गुपित.

पाचवा उपाय इथेच घेते, कारण तोही वायूचाच आहे. निखारे विझत आले की धूर थांबतो आणि आपल्याला वाटतं, आता काही धोका नाही. उलट आहे. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या आपण वाचतोच. आता आपल्याकडच्या बाल्कन्या आठवा. सरकत्या काचा लावून बंद केलेल्या, बेडरूमला लागून. ती बाल्कनी नाही, खोलीच आहे. डासांसाठी जाळी बसवा, मच्छरदाणी लावा. निखारे घरात नकोत, एक तासही नको.

तारेच्या ब्रशचं. "इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" हे उत्तर मला आधीच ऐकू येतंय. अमेरिकेत बऱ्याच घरांत ग्रिल असतं, म्हणून तिथलं उदाहरण देते. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, जुलै २०१२ मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात एक नोंद छापली. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात सहा जणांनी नकळत ब्रशची तार गिळली होती. ब्रशमधून तार सुटली, जाळीला चिकटली, तिथून मांसाला आणि घासाबरोबर आत. कुणाच्या गळ्यात रुतली, कुणाच्या आतड्याला भोक पडून तातडीने ऑपरेशन करावं लागलं. हे एका शहरातल्या एकाच रुग्णालय-समूहाचं. पुढे २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी देशभराचा अंदाज काढला: २००२ ते २०१४ दरम्यान अशा १,६९८ जणांना तरी तातडीच्या विभागात जावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा छोटा आहे, मान्य. पण एका घासणीसाठी पोट उघडून घ्यावं लागणं मला छोटं वाटत नाही. आपल्याकडे बाजारात स्वस्तात मिळणारे ब्रश हातात घेऊन बघा, दोन वेळा वापरले की तारा वाकड्या होतात, गळायला लागतात. भावाच्या शेगडीची दुसरी जाळी मी जुन्या पांढऱ्या पंचाने पुसली. पंचाच्या धाग्यांत एक तार अडकून आली, नखाएवढी लांब, केसाहून थोडी जाड. काळ्या जाळीवर ती दिसलीच नसती. भाच्याने आदल्या रात्री त्याच जाळीवरचं पनीर खाल्लं होतं.

काळा थर म्हणजे कॅन्सर, यात अर्धं खरं आहे, ते मानायला हवं. चरबी कोळशावर ठिबकली की जो धूर उठतो त्यात घातक संयुगं असतात, आणि ती अन्नावर बसतात. मागच्या वेळचं चिकट तूप-तेल जाळीवर राहिलं तर पुढच्या वेळी तेही जळतं. म्हणून चिकटपणा आणि सुटणारे पापुद्रे काढायलाच हवेत. पण जाळी पांढरी करणं ही वेगळी गोष्ट. बिडाच्या जाळीवरचा काळा, कोरडा, गुळगुळीत थर हा तेल तापून बसलेला असतो, आपल्या बिडाच्या तव्यावर असतो तसाच. तो खरवडलात की जाळी गंजते आणि मासा चिकटतो. तव्याला कुणी पांढरं करत बसतं का?

सोडा-व्हिनेगरचा फेस दिसायला छान. दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. पुढे.

राखेचं मात्र, नाइलाजाने म्हणा, खरं आहे. आमची आजी चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेऊनच भांडी घासायची, आणि पितळी पातेल्यात तोंड दिसायचं. लाकडाच्या राखेत अल्कली असते, ती तेलाशी मिळून साबणासारखं काम करते. जाळी कोमट असताना ओल्या काथ्यावर राख घेऊन घासा, ओशटपणा खरंच जातो. पण ही राख लाकडी कोळशाची हवी. दगडी कोळशाची किंवा विकतच्या साच्यातल्या गोळ्यांची नको, कारण गोळ्यांत कोळशाची भुकटी बांधायला आणि लवकर पेटायला काय काय मिसळलेलं असतं ते पाकिटावर नेहमी लिहिलेलं नसतं. हातमोजे घाला, हात फाटतात. आणि तुळशीला ओंजळभर राख घालू नका. देशावरच्या काळ्या मातीचा कल मुळातच अल्कलीकडे, त्यात आणखी भर कशाला? कोकणातल्या तांबड्या मातीला चिमूटभर चालेल.

मग साफ करायचं कसं? रात्रीच, शेगडी गरम असताना. भाजून झालं की झाकण लावून, हवेची भोकं उघडी ठेवून निखारे १०-१५ मिनिटं तसेच जळू द्या. चिकटलेल्या सगळ्याचा वाळून कोळसा होतो. मग लांब दांड्याच्या लोखंडी उलथण्याच्या सरळ कडेने खरवडा, किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासा. सकाळी कोमट पाणी, भांड्यांचा साबण, काथ्या. फारच बसलेलं असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजत ठेवा, फक्त जाळी ॲल्युमिनियमची नसावी. पुसून कोरडी करा, बोटभर तेल फडक्याने फिरवा. पुढच्या वेळी भाजायच्या आधी एकदा पांढऱ्या कपड्याने पुसून तो कपडा उजेडात बघा.

राख काढायची ती पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तीही पत्र्याच्या डब्यात. वरून करडी दिसणारी राख आत लाल असू शकते, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकलीत तर पेटेल. पावसाळ्याआधी शेगडीचा तळ झाडून रिकामा करा. राख दमट हवेत पाणी ओढून घेते आणि पत्रा खालून खाते. जूनमध्ये राखेसकट गच्चीवर ठेवलेल्या शेगडीचा तळ ऑक्टोबरमध्ये हातात येतो, आमच्या जुन्या शेगडीचा आला होता.

भावजयीचा आवाज अजून बसलेलाच आहे. काल तिने स्वतः ग्रुपवर लिहिलं, "कृपया तो मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर ज्यांना पाठवला त्यांना फोन करा." फोन करा म्हणाली, मेसेज नाही. मी आतापर्यंत अकरा जणांना केला. त्यातल्या एकीने लिक्विड आणि पावडर आणून ठेवली होती, रविवारसाठी.