तंबू का भरतो?

काल रात्री घरी सगळ्यांना बोलावून १९६० सालचा 'सर्कस ऑफ हॉरर्स' हा सिनेमा लावला. त्यातली कसरतवाली, एरिका रेम्बर्ग, उंच दोरावरून खाली कोसळते आणि त्याच क्षणी सोफ्यावरून आवाज आला, "गेली विकेट!" सगळे खो खो हसले. काल ते पाहुणे म्हणून मी गप्प बसले. आज सकाळपासून डोकं तापलंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अँटन डिफ्रिंग हा प्लास्टिक सर्जन. एका बाईचा चेहरा बिघडवून इंग्लंडमधून फ्रान्सला पळतो, नाव बदलतो. तिथे एका डबघाईला आलेल्या सर्कसच्या मालकाची छोटी मुलगी, युद्धातल्या बॉम्बने चेहरा विद्रूप झालेली. तिला हा बरं करतो. मग मालकावर (डोनाल्ड प्लेझन्स) अस्वल झडप घालतं, तेव्हा शांतपणे बघत उभा राहतो आणि सर्कस घशात घालतो. पुढे चेहऱ्यावर व्रण असलेल्या, पोलीस मागावर असलेल्या बायका हेरायच्या, देखण्या करायच्या, रिंगणात उतरवायच्या. एखादी म्हणाली, आता मला जाऊ दे, की तिचा 'अपघात'. भर खेळात, लोकांसमोर.

अस्वल नकली आहे हे मलाही दिसतं. हसा त्याला हवं तर.

पण एरिका पडते तेव्हा? मला सांगलीतली मुलगी आठवते. आत्याने सर्कसला नेलं होतं, मी तिसरीत असेन. झुल्यावरच्या मुलीचा हात सुटला, ती जाळीवर आदळली आणि उसळून कडेला जमिनीवर पडली. बँड थांबला नाही. दोन जोकर कोलांट्या मारत धावत आले, त्यांच्या आडून तिला उचलून नेलं. आमच्या मागचा माणूस बायकोला म्हणाला, "पैसे वसूल."

सिनेमात तेच तर आहे! बाया मरतात, सर्कस अपशकुनी म्हणून बदनाम होते आणि त्याच बदनामीपायी लोक तिकिटं काढतात. डॉक्टर एकटा सैतान आहे होय? रोज तंबू कोण भरतं? आणि 'लुक फॉर अ स्टार' हे किती गोड गाणं, ब्रिटनमध्ये त्या साली गाजलेलं, ते एरिकाच्या खेळाला वाजत राहतं. मला त्यात तोच सांगलीचा बँड ऐकू येतो.

हो, दिग्दर्शक सिडनी हेयर्सचा कॅमेराही बायकांकडे त्याच नजरेने बघतो. तेवढं कबूल. आणि चेहऱ्यावर व्रण म्हणजे बाई गुन्हेगार, हे तर मला चीड आणणारंच वाटलं.

पण चित्रीकरणाला खरी सर्कस आहे, बिली स्मार्टची. मागे दिसतात ती माणसं पोटासाठी हेच करणारी होती. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली, ते अंकलखोपचे, आमच्याच भागातले. आत्याला त्याचा केवढा अभिमान! त्या रात्री मात्र खेळ संपल्यावर ती मला घेऊन तंबूच्या मागे गेली. कंदिलाशी भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तिने विचारलं, "मघाची पोर कशी आहे?" बाई म्हणाली, "खांदा निखळलाय. बसवला. उद्या दुपारच्या खेळाला उभी राहील." आत्या परत येताना रस्ताभर बोलली नाही.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काल हसलेले सगळे माझेच आहेत, वाईट कोणी नाही. मागच्या बाकावरचा तो माणूसही घरी चांगला बाप असेल. त्याचंच तर जास्त भय वाटतं मला.

पुढच्या शनिवारी 'बर्सर्क' लावतेय, १९६७ चा. सर्कसची मालकीण जोन क्रॉफर्ड. माणसं मरतात तशी तिच्याही खेळाला गर्दी वाढते. सगळे या. पण तेव्हा मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.